उजव्या हाताचं चौथं बोट

बाईंना शिकवताना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. विद्यार्थी पियानोसमोर स्टुलावर आणि बाई खोलीभर. खिडकीपाशी, दारापाशी, पुन्हा खिडकीपाशी. मधेच स्वयंपाकघरात जाऊन गॅसवरचं दूध बघायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "डावा हात! डावा हात कुठे गेला फिरायला?" खोली तिसऱ्या मजल्यावरची, बारा बाय चौदाची. निम्मी पियानोने अडवलेली, उरलेल्या निम्म्यात दोन खुर्च्या आणि स्वरलिपीच्या वह्यांचं कपाट. एवढ्याशा जागेत बाई तासाला मैलभर तरी चालत असतील, असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं होतं. यजमान बसच्या खात्यात वेळापत्रकं आखायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण डोक्यातल्या बस अजून सुटत होत्या.

"तुमच्या बाई एकाच मार्गावर धावतात," ते नव्या विद्यार्थ्याला सांगत. "फक्त थांबा एकही नाही."

बाई तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. विद्यार्थी चौदा. त्यांतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तयारीची म्हणजे मुंगी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. अकराव्या वर्षी आली तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, पण एकच ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा वाहून नेत राहायची. आता ती बावीस वर्षांची होती. दुपारपर्यंत औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि तीन वाजता बाईंकडे यायची. संगीत महाविद्यालयात जायचं हे तिने बाराव्या वर्षीच ठरवलं होतं. घरच्या अडचणींत चार वर्षं गेली. प्रवेश तेवीस पूर्ण होण्याआधीच घ्यावा लागे, म्हणजे हे शेवटचं वर्ष.

त्या दिवशी ती जिना धावत चढून आली. हातात महाविद्यालयाचा लिफाफा.

"बाई, यादी आली! आठ आठवडे आहेत. तीन पीस आपल्या आवडीचे आणि एक यंदा सक्तीचा."

"बघू, बघू." बाईंनी चालता चालता कागद घेतला, चालता चालता चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि खिडकीपाशी थांबल्या.

मुंगीला आधी कळलंच नाही की खोलीत काय वेगळं वाटतंय. मग लक्षात आलं, पावलं वाजत नव्हती.

"अवघड आहे का, बाई?"

"आहे," बाई म्हणाल्या. "बघते. आज स्वरमालिका कर."

सक्तीची रचना चार पानांची होती. तिची सगळी गंमत उजव्या हातात. मधली एक पट्टी सोडून दोन पट्ट्या एकदम दाबायच्या आणि अशा जोड्या एकापाठोपाठ एक, सलग, धावत न्यायच्या. वाजवणारा अंगठ्याला एक म्हणतो आणि करंगळीला पाच. अशा जोड्यांसाठी पाचही बोटं लागतात, त्यातही चौथं सगळ्यांत जास्त. चौथं म्हणजे करंगळीशेजारचं. बाईंच्या उजव्या हाताचं चौथं बोट गेली एकोणतीस वर्षं वाजलं नव्हतं आणि ही गोष्ट जगात त्यांच्याखेरीज फक्त यजमानांना माहीत होती.

बाईंचे वडील एका मुलींच्या शाळेत सामानाच्या कोठीवर होते. शाळेच्या सभागृहात पियानो होता आणि तो पुसायचं काम धाकटीकडे होतं. बाई म्हणजे घरातली धाकटी. पुसता पुसता वाजायला लागला. शाळेच्या संगीतमास्तरांनी एकदा दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली. मास्तरांची तक्रार एकच. "ही मुलगी घाईत जन्मलीय." त्यावर आई म्हणायची, "खरंच हो, आठव्या महिन्यातच आली." मास्तर सांगत, आधी अर्ध्या वेगाने वीस वेळा. धाकटी दोनदा अर्ध्या वेगाने वाजवायची आणि तिसऱ्यांदा उधळायची. पण उधळली तरी पट्टी चुकायची नाही, त्यामुळे मास्तरांचा नाइलाज व्हायचा.

एकोणिसाव्या वर्षी स्पर्धा जिंकली, चोविसाव्या वर्षी मोठ्या वाद्यवृंदाबरोबर पहिली मैफल. सत्ताविसाव्या वर्षी लग्न, तेही घाईतूनच जमलं. सरावाला जाताना बसमध्ये बसल्या होत्या, बस गच्च भरलेली, तरी सुटेना. बाई तडक उतरून कार्यालयात गेल्या. "बस भरलीय, मग चार मिनिटं कुणाची वाट बघताय?" खिडकीमागच्या तरुणाने त्यांना आत बसवून, मोठा तक्ता पसरून, ती बस चार मिनिटं आधी सुटली तर संध्याकाळपर्यंत शहरातल्या कुठल्या कुठल्या बसचा कसा विचका होईल ते सगळं समजावून सांगितलं. बाईंना एक अक्षर कळलं नाही. बस केव्हाच निघून गेली होती. तो तरुण मात्र पुढच्या मैफलीला पहिल्या रांगेत होता.

बत्तिसाव्या वर्षी, एका मोठ्या कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी, टॅक्सीतून उतरताना बाईंचा उजवा हात दाराच्या चौकटीवर राहिला आणि यजमानांनी पलीकडून येऊन दार लावलं. हाड मोडलं नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टी बांधली, मग बोट हलवून पाहिलं आणि म्हणाले, "शीर दुखावलीय. रोज पाव तास, अगदी सावकाश व्यायाम. आठ-नऊ महिन्यांत पूर्ववत होईल."

"माझा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे."

"मग पुढे ढकला."

पुढे ढकलणं हे बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या घरी आल्या, कार्यक्रमाच्या सगळ्या वह्या काढल्या आणि जिथे जिथे उजव्या हाताच्या स्वरावर चार लिहिलं होतं तिथे तिथे खोडून तीन किंवा पाच केलं. हात वळवून, अंगठा खालून सरकवून, नऊ बोटांत ते सगळं बसवलं. कार्यक्रम गाजला. वर्तमानपत्रात छापून आलं की यांच्या उजव्या हाताला अलीकडे एक वेगळीच उसळी आलीय. यजमानांनी ते कात्रण वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

व्यायाम नंतर करू म्हटलं. नंतर पुढची मैफल आली, मग तिच्या पुढची. अशी बारा वर्षं गेली. ज्या रचना नऊ बोटांत बसत नव्हत्या त्या बाईंच्या यादीतून गुपचूप गळत गेल्या. आयोजक विचारत, "अमुक वाजवाल का?" बाई सांगत, "तो पीस मला आवडत नाही." एकदा एकाच मोसमात चार पीस आवडेनासे झाले, तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की आता फक्त शिकवायचं.

शिकवताना त्या प्रत्येकाच्या वहीत स्वरांवर पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहून देत. उजव्या हातासाठी एक, दोन, तीन आणि पाच. कुणी विचारलंच तर म्हणत, "चौथं बोट आळशी असतं, त्याच्या भरवशावर राहू नका." पहिली दोन-तीन वर्षं हे बोलताना जीभ अडखळायची. पुढे तेही थांबलं, आणि पुढे तर बाईंना ते मनापासून पटायलाच लागलं. विद्यार्थी एकमेकांच्या वह्यांतून आकडे उतरवून घेत. गावातले इतर शिक्षक त्याला बाईंची पद्धत म्हणायला लागले. चार-पाच विद्यार्थी मोठ्या महाविद्यालयांत गेले. पहिल्या वर्षी त्यांचे फोन यायचे, मग कमी झाले. का कमी झाले, हे बाईंनी कधी विचारून पाहिलं नाही.

आणि आता ही चार पानं.

चार दिवस बाई पेन्सिल आणि खोडरबर घेऊन त्या पानांशी झटत होत्या. कागद पातळ झाला. उभ्यानेच लिहायचं, एक फेरी मारायची, पुन्हा खोडायचं. यजमानांनी चहा ठेवला तो तसाच निवला. पाचव्या दिवशी त्यांनी मुंगीला वही दिली. जोड्यांवर आकडे होते, एक-तीन, दोन-पाच, एक-तीन, दोन-पाच, असे चारही पानं.

मुंगीने वाजवून पाहिलं. "बाई, दोन-पाचला मनगट पार बाहेर वळतंय."

"सवय होईल."

"एकदा वाजवून दाखवा ना."

"मी दाखवलं की तू नक्कल करशील," बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "स्वतः शोध."

मुंगीने शोधलं. तीन आठवडे ती दुकानातून सुटून यायची आणि त्या चार पानांवर तुटून पडायची. जोड्या येत होत्या पण तुटक, जिन्यावरून भांडं गडगडत यावं तशा. बाई वेगाने फिरत होत्या. बाहेर पडल्या की पाय नेतील तिकडे जात. एकदा भाजी आणायला म्हणून गेल्या आणि रिकाम्या पिशवीने दोन तासांनी परत आल्या. एका विद्यार्थ्याचा तास दोनदा घेतला आणि दुसऱ्याचा विसरल्या.

एकविसाव्या दिवशी मुंगी आली ती मनगटाला गरम पट्टा बांधून.

"हे काय?"

"काही नाही. दुकानातलाच आहे. मालक म्हणाले, पट्टा घे, पण सुट्टी मागू नकोस." ती हसली आणि स्टुलावर बसली. "बाई, माझाच हात जड आहे हो. तुमची पद्धत सगळ्यांना जमते, मलाच कशी जमत नाही? आज तासभर जास्त बसू का?"

"घरी जा," बाई म्हणाल्या.

"पण..."

"जा म्हणते ना! आज मला वेळ नाही."

मुंगी गेली. बाईंनी दार लावलं आणि खोलीत इतक्या येरझारा घातल्या की खालच्या मजल्यावरच्या किल्लीवाल्याने काठीने छत ठोकलं. शेवटी यजमान वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, बस की जरा. पोरीला सांगून टाक."

"काय सांगू? अकरा वर्षं तुला अर्धवट शिकवलं, असं?"

"तसंच."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला!"

"मला?" यजमान चष्मा पुसायला लागले. "दार मी लावलं होतं. त्यानंतर मी तुझ्या एकाही कार्यक्रमात पट्ट्यांच्या बाजूला बसलो नाही, लक्षात आलंय का तुझ्या? तो हात दिसायचा म्हणून."

बाई थांबल्या. "दार तुम्ही दोन सेकंद लावलंत," त्या म्हणाल्या. "पुढची एकोणतीस वर्षं माझी आहेत. त्यांवर तुम्ही हक्क सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मुंगी तीन वाजता आली. बाईंनी तिला स्टुलावर बसू दिलं नाही. स्वतः बसल्या, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि सगळं सांगितलं. टॅक्सी, डॉक्टर, खोडलेले आकडे. सांगताना त्या हाताकडेच बघत होत्या.

मुंगीने वही उघडून आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे चौथं बोट आळशी असतं, ते...?"

"माझं. सगळ्यांचं नसतं."

"माझ्या या वहीतच ना?"

"सगळ्या वह्यांत."

"अकरा वर्षांच्या?"

"हो."

"आणि हा सक्तीचा पीस? हा तरी... हे तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं? मी रोज इथे येऊन मनगट मोडून घेत होते, माझाच हात जड म्हणत होते, आणि तुम्ही तिथे खिडकीत उभ्या राहून ऐकत होतात?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मुंगीने वह्या गोळा केल्या. एक खाली पडली, यजमान उचलायला वाकले तर म्हणाली, "राहू द्या, काका. ती तरी कशाला हवीय आता?" आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर चार दिवस ती आली नाही. तीन वाजले की बाई जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहायच्या. पाचव्या दिवशी सकाळी त्या औषधाच्या दुकानात गेल्या. रांगेत सात माणसं होती. बाईंच्या आयुष्यातली ही पहिलीच रांग असावी जिथे त्यांनी पुढच्याला ढकललं नाही.

नंबर आला. मुंगीने वर पाहिलं आणि चेहरा कोरा ठेवून म्हणाली, "चिठ्ठी आहे डॉक्टरांची?"

बाईंनी पिशवीतून चार पानं काढून काउंटरवर ठेवली. नवी प्रत, तिच्यावर नवे आकडे. एक-तीन, दोन-चार, तीन-पाच. "रोज पाऊण तास. अर्ध्या वेगाने. मनगट दुखलं की बंद."

"अर्ध्या वेगाने ऐकवलं तर घेतील मला?"

"माहीत नाही."

"आणि पूर्ण वेगाने?"

"पंचवीस दिवसांत पूर्ण वेग येणार नाही. जबरदस्ती केलीस तर हात जाईल."

"म्हणजे दोन्हीकडून गेलंच की!"

"जाऊ शकतं," बाई म्हणाल्या. "खोटं नाही सांगत."

मागून एक आजोबा खोकले. "पोरी, यांचं औषध फार दिवसांचं दिसतंय. तोवर माझी खोकल्याची बाटली देतेस का?"

मुंगीने त्यांना बाटली दिली, सुटे दिले, पुढच्या दोघांनाही वाटेला लावलं. बाई बाजूला उभ्या होत्या. मग मुंगीने ती चार पानं ओढून गल्ल्याखालच्या खणात टाकली. "तीन वाजता येते. पण तुम्ही शेजारी बसायचं. फिरायचं नाही. तुमची पावलं ऐकली की मी आपोआप पळायला लागते. आणि आधी तुम्ही वाजवायचं, मग मी."

"मला येत नाही गं ते."

"मग मला तरी कुठे येतंय?"

तीन वाजता दुसरी खुर्ची स्टुलाशेजारी आली. बाई बसल्या, आणि पहिली दोन मिनिटं त्यांचा गुडघा एवढा हलत होता की मुंगीने त्यावर वही ठेवली. मग बाईंनी दोन-चारची जोडी लावली. चौथं बोट पट्टीवर नुसतं टेकलं. दुसऱ्यांदाही तेच. दहाव्या-बाराव्यांदा पट्टी खाली गेली आणि एक अगदी बारीक, आजारी माणसाने हाक मारावी तसा स्वर आला.

बाईंनी हात मांडीवर घेतला. त्यांना वाटत होतं बोट मेलंय. इतकी वर्षं त्या तेच धरून चालल्या होत्या. पण ते मेलेलं नव्हतं, त्याला कुणी काम दिलं नव्हतं एवढंच. डॉक्टरांनी आठ-नऊ महिने सांगितले होते, आणि त्यांनी आठ-नऊ दिवससुद्धा दिले नव्हते.

"लागलं की," मुंगी म्हणाली. तिच्या आवाजातला राग गेला नव्हता, पण ती स्टुलावर पुढे सरकली होती. "आता मी."

पंचवीस दिवस दोघी अशा बसल्या. बाईंची पाठ धरायची, पायांना मुंग्या यायच्या. मुंगी मधेच चिडायची, "डावा हात सोडा, बाई, मला उजव्यावर ठेवा," आणि बाई मुकाट ऐकायच्या. पहिल्या आठवड्यात जोड्या पाव वेगाने आल्या, दुसऱ्यात अर्ध्याला लागल्या. तिसऱ्यात मुंगीला मोह झाला. एका दुपारी तिने दुसरं पान उधळलं आणि जवळजवळ पूर्ण वेगाने शेवटपर्यंत नेलं. बाईंच्या अंगावर काटा आला. त्या वेगासाठी त्यांनी सगळं आयुष्य दिलं होतं.

"कसं झालं?" मुंगीने धापा टाकत विचारलं. मनगट तिने दुसऱ्या हाताने धरलं होतं.

बाईंच्या तोंडात शाबासकी आली होती, ती त्यांनी गिळली. "परत अर्ध्याने," त्या म्हणाल्या.

प्रवेशचाचणीच्या दिवशी महाविद्यालयाच्या लांब पडवीत बावीस मुलं बसली होती. सगळी दांडग्या तयारीची. बंद दारातून सक्तीची रचना पुन्हा पुन्हा ऐकू येत होती, एकापेक्षा एक वेगवान. यजमान बाकावर बसले होते आणि बाई पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इथे त्यांना कुणी बसवू शकणार नव्हतं.

मुंगी आत गेली. आवडीचे तीन पीस झाले. मग सक्तीचा सुरू झाला, अर्ध्याहून जरासा जास्त वेग. पडवीतली एक मुलगी दुसरीकडे बघून हसली. जोड्या सलग येत होत्या, एकही तुटत नव्हती, पण इतक्या सावकाश की बाईंना वाटलं, आपण आत जाऊन तिला मागून ढकलावं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर वादन थांबलं. आत कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मुंगीचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. पुन्हा सुरू झालं, त्याच वेगाने, आणि शेवटपर्यंत गेलं.

दार उघडलं.

"काय विचारलं गं?" बाई धावल्या.

"विचारलं, इतकं हळू का? मी सांगितलं, या बोटांनी वाजवायला मी पंचवीस दिवसांपूर्वी शिकले. त्याआधी माझ्या बाईंनी चुकीची शिकवली होती. मग त्यांनीच दुरुस्त केली."

"असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? हात जड आहे म्हणू?"

"नाही, नाही." बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. "नाव विचारलं माझं?"

"विचारलं. सांगितलं."

त्या महाविद्यालयात बाईंनी सहा वेळा वाजवलं होतं. यजमान उठले आणि म्हणाले, "चला, दहाची बस आहे. ती चार मिनिटं थांबते."

चार दिवसांनी यादी लागली. निवडलेल्या बारांत मुंगीचं नाव नव्हतं. खाली वेगळी ओळ होती, त्यात दोन नावं, 'तयारीच्या वर्षासाठी'. दुसरं नाव तिचं. वर्षभर फक्त हात घडवायचा, मंचावर जायचं नाही, आणि वर्षाअखेरी पुन्हा चाचणी. त्या चाचणीला वयोमर्यादा लागू नव्हती, पण ती जमली नाही तर पुढे काही नाही. मुंगी संध्याकाळी सांगायला आली तेव्हा तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"दुकान सोडावं लागेल. आई म्हणते, एक वर्ष ओढू कसंतरी. पण वर्षानंतर नाही जमलं तर?"

"तर मोठा घोळ होईल," बाई म्हणाल्या.

"तुम्ही धीर कधी देणार?"

"खोटा नाही देणार."

मुंगी वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. "आणखी एक अट आहे. वर्षभर दुसऱ्या कुणाकडे शिकायचं नाही म्हणाले. कुणाकडेच नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं रोज तीन वाजता ही जिना चढत होती. "बरोबर म्हणाले," त्या म्हणाल्या. "मीही तेच सांगितलं असतं."

"राग नाही आला?"

"आला. पण तू जा. सोमवारपासूनच जा, उशीर करू नकोस."

मुंगी निघाली. दारापाशी वळून म्हणाली, "माझा राग अजून गेलेला नाही हां, बाई. जाईल तेव्हा कळवीन." आणि उतरून गेली. जिन्यावरची तिची पावलं बाई रस्त्यापर्यंत ऐकत राहिल्या.

सोमवारी चार वाजता दंतवैद्य आले. वय पंचावन्न, सहा वर्षं शिकत होते, दवाखाना लवकर बंद करून यायचे. त्यांनी नेहमीप्रमाणे स्टूल ओढलं, वही लावली आणि पाहिलं तर बाई शेजारी खुर्चीत बसलेल्या.

"तब्येत बरी आहे ना?" त्यांनी घाबरून विचारलं.

"बरी आहे. डॉक्टर, उजव्या हाताचे जेवढे आकडे मी लिहून दिलेत, तेवढे सगळे तपासायचे आहेत. बरेच चुकीचे आहेत."

"सगळ्या वह्यांत?"

"सगळ्यांत. चूक माझी आहे, सविस्तर नंतर सांगते. बाकीच्यांना सांगायला लागलेय; काही जण ऐकून सोडून गेले, तुम्हालाही जायचं असेल तर जा."

दंतवैद्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग बाईंकडे. "पण बाई, मला कुठे परीक्षा द्यायचीय? मला जसं येतंय तसं बरं आहे की."

"तुमच्या पेशंटला असं म्हणू देता का?"

त्यांनी मुकाट पहिलं पान उघडलं. बाईंनी एक पाच खोडला, तिथे चार लिहिला, फुंकर मारून रबराचा चुरा उडवला. दंतवैद्यांनी ती ओळ वाजवली. चौथं बोट अडखळलं, ओळ कोसळली. बाईंचे पाय उठायला शिवशिवत होते. त्यांनी ते खुर्चीच्या आडव्या दांडीला अडकवले.

"परत," त्या म्हणाल्या. "आणखी हळू. मला वेळ आहे."